तुमी या म्हणलं

वणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत बी-बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिना अरुंद, आणि कठड्याला हात लावला की हात काळा होतो. कोळशाच्या ट्रकांमुळे वणीतल्या सगळ्याच कठड्यांचं तसं आहे, त्यात विशेष काही नाही. त्या दोन खोल्यांत एका संस्थेनं फुप्फुसं कामातून गेलेल्या माणसांसाठी केंद्र काढलं होतं, आणि ममता तिथं नर्स होती. या केंद्राची गंमत अशी, की रुग्ण तिथं येतच नसत. ते आपापल्या गावी, आपापल्या खाटेवर. आणि ममता इथं, पडद्यासमोर. गाडी चालवणारा हिरासिंग याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. म्हणायचा, आणि तरी रोज ममताच्या आधी येऊन जिना झाडायचा.

प्रत्येक रुग्णाला एक चिमटा दिलेला होता, आणि त्याला वायरनं जोडलेली काडेपेटीएवढी डब्बी. सकाळी आठच्या सुमारास चिमटा बोटाला लावायचा. रक्तात प्राणवायू किती आहे ते तो ओळखतो आणि डब्बीतलं सिमकार्ड तो आकडा वणीला धाडतं. पडद्यावर एकसष्ट नावं, नावापुढं आकडा, आकड्यापुढं नाडीचे ठोके, आणि शेवटी आकडा कोणत्या गावच्या टॉवरवरून आला ते. नव्वदीच्या वर असलं की बरं. पंच्याऐंशीच्या खाली गेलं की ओळ लाल होई आणि ममता फोन उचले. दोन वर्षांत तिचा हात असा बसला होता, की एखाद्या सुनेनं कंटाळून सासऱ्याऐवजी आपलंच बोट चिमट्यात घातलं आणि आकडा एकदम अठ्ठ्याण्णव आला, तर ती लगेच विचारायची, "काहून वं, सासरे कुठं गेले?" पलीकडे सून तोंडाला पदर लावून हसायची.

यादीत सतरावं नाव डोमाजी मडावी यांचं होतं. मारेगावच्याही पलीकडं, हिवरधऱ्याचे. तीस वर्षं चुनाभट्टीवर काढलेली, त्यामुळं छातीत चुना बसलेला. ममतानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फायलीत एक फोटो होता, त्यात डोळे मिटलेले आले होते. पण आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि आवाजाहून जास्त श्वास. बोलण्याआधी ते दोनदा हवा ओढत. दुसऱ्या ओढीला बारीक शीळ वाजे. मग हळूच म्हणत, "बोला, बाई."

फोन संपवतानाही त्यांची एक रीत होती. ते म्हणत, "येतो, बाई." आता आपल्याकडं कोणी निघताना ‘जातो’ म्हणत नाही. जातो म्हटलं की माणूस खरंच जातो, अशी भीती. पण फोनवर कुठं यायचं आणि कुठं जायचं? ममताला सुरुवातीला हसू यायचं. मग तिलाही सवय लागली. ते "येतो" म्हणत, ती "या" म्हणे, आणि फोन बंद होई.

जानेवारीतल्या एका मंगळवारी थंडी फार पडली होती. सकाळी नऊपर्यंत निरगुडा नदीवरचं धुकं हललं नाही. अशा दिवशी बोटं गार पडतात, चिमटा चुकतो आणि अर्धी यादी लाल होते. त्या दिवशी सोळा ओळी लाल होत्या. डोमाजींचा आकडा ब्याऐंशी होता. ममतानं अकरावा फोन त्यांना लावला.

"काका, आकडा कमी येऊन राह्यला. दम लागते का?"

"बोटं गार पडले, जी." मध्ये श्वास. "थोडा लागते."

"चुलीपाशी हात शेका अन् अर्ध्या तासानं पुन्हा लावा. नाई वाढला तं गाडीनं इकडंच या लागंल."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. ममताचं लक्ष पडद्यावरच्या पुढच्या लाल ओळीवर होतं.

"मंग येतो, बाई."

"या," ममता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वहीत तिनं लिहिलं: फोन केला, बोटे थंड. दुसरा आकडा त्या दिवशी आला नाही. हिवरधऱ्याची लाइन गेली असेल, असं ती धरून चालली. हिवरधऱ्याची लाइन रोजच जायची.

गुरुवारी हिरासिंग गावावरून फिरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "तुमचा सतरा नंबर गेला, म्याडम. मंगळवारीच."

ममताला वाईट वाटलं. इतकं, की ती दुपारचा डबा न खाता बसली. पण एकसष्ट माणसांच्या यादीत वर्षाला सात-आठ जातातच, आणि प्रत्येकासाठी रडत बसलं तर उरलेल्यांकडं कोण बघणार? नाव बंद करायला चिमटा आणि डब्बी परत यावी लागते, असा नियम होता. म्हणून सतरावी ओळ पडद्यावर तशीच राहिली. आकड्याच्या जागी एक आडवी रेघ.

सोमवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी त्या रेघेच्या जागी एकसष्ट हा आकडा आला.

ममतानं तो दोनदा वाचला. एकसष्टवर माणूस बसू शकत नाही, बोलू शकत नाही. नाडीचा रकाना रिकामा होता. टॉवर हिवरधऱ्याचा. तिनं मनाशी हिशोब केला: म्हातारीनं डब्बी काढली असेल, चिमटा उघडून पाहिला असेल, कपड्याच्या घडीत अडकून काहीतरी आकडा आला असेल. यंत्रच ते. तरी तिनं हिरासिंगला गाडी काढायला सांगितली. डब्बी परत आणायचीच होती.

हिवरधऱ्याला पोचायला तास लागला. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती, तुरी कापणीला आल्या होत्या. डोमाजींचं घर शेवटचं. अंगण सारवलेलं, त्यावर चंदाबाई, डोमाजींची बायको, सुपात तूर पाखडत बसली होती. ममताचं नाव ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमीच का त्या बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर ममताला सोपं गेलं असतं.

"हो. लय वाईट झालं, मावशी."

"बुढ्यानं तं तयारी केली होती." चंदाबाई सुपातल्या तुरीकडं बघत बोलत होती. "तुमचा फोन ठेवला अन् मले म्हणते, पेटीतलं धोतर काढ. म्हणलं, काहून? तं म्हणे, बाई गाडी पाठवून राह्यल्या. मी येतो म्हणलं, त्या या म्हणल्या. धोतर नेसला, धुतलेली बंडी घातली, डब्बी खिशात ठेवली अन् फाट्यावर जाऊन बसला. दहा पावलं चालला की थांबे. फाट्याले पोचाले अर्धा तास लागला त्याले."

ममता अंगणातच खाली बसली.

"लोकं म्हणत, चाल बुढ्या, घरी चाल, ऊन चढलं. म्हणे, गाडी आली अन् मी नसलो तं? बाईनं या म्हणलं हाय. दोन वाजता पाह्यलं तं दगडावर तसाच बसून होता. मले वाटलं, डोळा लागला." चंदाबाईनं पदरानं नाक पुसलं. "गाडीले काय झालं होतं, बाई? पंचर झाली होती का?"

हिरासिंग अंगणाच्या कडेला उभा होता. तो दुसरीकडं बघू लागला.

खरं सांगायची ती वेळ होती. मावशी, मला वाटलं ते फोन ठेवताना म्हणतात तसं म्हणाले. एवढं एकच वाक्य. ममतानं ते जुळवलं, जिभेवर आणलं, आणि म्हणाली, "हो. पंचर झाली होती."

या खोटेपणाची लाज तिला त्याच क्षणी वाटली, आणि पुढंही वाटत राहिली. पण शब्द गेला तो गेला. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं डब्बीचं विचारलं.

"ती कुठली आता, बाई. बंडीच्या खिशातच राह्यली. ध्यानात नाई आलं कोणाच्या. तशीच माती देल्ली."

परतताना फाटा लागला. निंबाखाली एक चपटा दगड होता. त्यावर कोणी नव्हतं. हिरासिंगनं गाडीचा वेग जरा वाढवला.

बुधवारी सतराव्या ओळीत पुन्हा एकसष्ट आला. फक्त टॉवर हिवरधऱ्याचा नव्हता. टेंभीचा होता. टेंभी हे मारेगावच्या वाटेवरचं पुढचं गाव.

आणि त्याच सकाळी टेंभीच्या इंदूबाईचा आकडा पडला. इंदूबाई म्हणजे यादीतली शहाणी बाई. चूल सोडून गॅस घेतलेली, औषधं वेळेवर घेणारी. तिचा आकडा वर्षभर चौऱ्याण्णवच्या खाली आला नव्हता. आज एकोणऐंशी. ममतानं फोन केला तेव्हा तिला वाक्य पुरं करता येईना.

"काही नाई केलं, बाई... काल चांगली होती... आज सकाळीच एक बुढा आला... ओट्यावर बसला... त्याच्यावानीच मले दम लागून राह्यला..."

"कोण बुढा?"

"कोण का मालूम. पांढरं धोतर. लय धापा टाकत होता, बिचारा. म्हणे, जरा दम घेऊ का, जी? म्हणलं, घ्या ना. बसा, दम घ्या. पाणी आणाले आत गेली... आली तं गेला होता." ती थांबली. "आत जातानाच मले दम लागाले लागला."

ममतानं गाडी पाठवली. या वेळी न विचारता, लगेच पाठवली. केंद्राच्या डॉक्टरांनी दवाखान्यात तपासून सांगितलं, थंडी आहे, संसर्ग असेल. ममतालाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण दुपारी तिनं पडद्याकडं पाहिलं तर सतराव्या ओळीत, अवेळी, नवा आकडा आला होता. एकोणनव्वद. डोमाजींना जिवंतपणी एवढा कधी आला नव्हता. नाडीचा रकाना रिकामाच होता.

तिनं सिमकार्डाच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं, सिम चालू आहे, मॅडम, प्रवासात आहे.

शनिवारी इंदूबाई एकदम सावरली. आकडा पंच्याण्णव. दवाखान्यातून तिनं स्वतःच आनंदानं फोन केला. "सून दोन दिवस उशाशी बसून होती, बाई. रात्रंदिवस म्हणे, आई, हळू, दम घ्या, हळू दम घ्या. तिच्या पुण्याईनंच उठली मी." मग आवाज जरा उतरला. "तीच पडली आता. तिशीची पोरगी, कधी शिंकली नाई. डाक्टर म्हणते, थकवा हाय."

ममतानं सुनेच्या नावाची चिठ्ठी करून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. तिचं लक्ष तिकडं नव्हतं. ती सतराव्या ओळीकडं बघत होती, कारण तिथला आकडा उतरायला लागला होता. सकाळी चौऱ्याऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर. चालून चालून माणसाचा उतरतो तसा. टॉवर मारेगावचा.

रविवारी केंद्राला सुट्टी असे. तरी ममता आली. मारेगावचा एकच रुग्ण तिच्या यादीत होता, सदाशिवराव. रस्त्यालगत घर, बोलका माणूस. तिनं फोन केला. उचलला त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, आणि मागून धापा ऐकू येत होत्या.

"आताच तुमाले लावणार होते, ताई. सकाळी चांगले चहा पिले. मंग कोणी म्हातारबा आला, त्याच्याशी बोलत बसले होते ओट्यावर."

"ताई, त्यांनी त्याले काय म्हणलं?"

"काय म्हणणार? दारात आलेला माणूस. या म्हणलं, बसा म्हणलं, दम घ्या म्हणलं. काहून?"

ममतानं सतराव्या ओळीकडं पाहिलं.

"वणीले चालला होता म्हणे पायीपायी," विमलताई म्हणाल्या. "यांनी इचारलं, या वयात पायी कायले? तं म्हणे, गाडी नाई आली. बाईनं या म्हणलं हाय."

सदाशिवरावांना न्यायला गाडी निघाली. खिडकीखालून हिरासिंगनं गाडी काढल्याचा आवाज आला. ममता खुर्चीत बसून राहिली. शितावरून भाताची परीक्षा करायची तिची दोन वर्षांची सवय. इथं दोन शितं हातात होती आणि तिला भात ओळखायचा नव्हता. सतराव्या ओळीत आकडा बदलला. ब्याण्णव.

मारेगावाहून पुढं वणीच.

वणीत तिच्या यादीतला एकच माणूस होता. एकसष्टावा. तो तिनं स्वतः यादीत घातला होता: बाबाराव, तिचे वडील. तरुणपणी झालेल्या क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं, उरलेल्या एकावर ते एकाहत्तर वर्षांचे झाले होते. ममताची आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबाराव दिवसभर ओट्यावर बसत. गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला बसवून घेत. बौद्धवाड्यात त्यांच्या ओट्याला लोक गमतीनं स्टँड म्हणत.

त्या संध्याकाळी तिनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "बाबा, कोणी अनोळखी म्हातारा आला, पांढऱ्या धोतरातला, तं त्याले बसा म्हणू नका. अन् दम घ्या तं बिलकुल म्हणू नका."

बाबारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून? चोर हाय का?"

"नाई."

"मंग? दाराशी आलेल्या म्हाताऱ्याले हाकलून देऊ?"

"माह्यासाठी एवढं ऐका."

लेकीचा चेहरा बघून त्यांनी पुढं विचारलं नाही. "बरं," ते म्हणाले. "अनोळखी म्हाताऱ्याले नाई म्हणत."

सोमवारी सकाळी सतराव्या ओळीत सत्त्याऐंशी होता. दुपारी एकला ब्याऐंशी. तीन वाजता शहात्तर, आणि टॉवर वणीचा.

ममतानं पडदा बंद केला. हिरासिंगला काही न सांगता ती जिना उतरली आणि रिक्षा करून गावाच्या टोकाला गेली.

मारेगावकडून येणारा रस्ता जिथं घरांना लागतो, तिथं पत्र्याचा एक थांबा आहे. समोर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकमागं काळी धूळ उठे आणि उन्हात बराच वेळ तरंगत राही. ममता थांब्याच्या बाकावर बसली. तिला भीती वाटत होती. भीतीहून जास्त, घरात पाहुणा यायचा असतो आणि घर आवरलेलं नसतं, तसं काहीतरी वाटत होतं.

चारला एक मोठा ट्रक गेला. धूळ बसली तेव्हा रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा येताना दिसला.

दहा पावलं चालला, की थांबत होता.

धोतराच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बोटांच्या पेरांवर चुन्याचा पांढरा राप होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिमटा, आणि चिमट्यातला तांबडा दिवा भर उन्हात दिसत होता. डोळे मात्र उघडे होते. फोटोपेक्षा चेहरा साधा होता.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. दोनदा हवा ओढली. दुसऱ्या ओढीला बारीक शीळ वाजली.

"बोला, बाई," तो म्हणाला.

ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, गाडी पंचर झाली नव्हती. मी गाडी पाठवलीच नाई. मले वाटलं, तुमी फोन ठेवून राह्यले."

"तुमी या म्हणलं."

"हो. चुकलं माह्यं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. ते माफ केल्यासारखं नव्हतं आणि न केल्यासारखंही नव्हतं. समोरून कापसाची एक गाडी आत गेली, रांग पुढं सरकली.

"इथून दवाखाना किती दूर हाय?"

"आता दवाखान्यात काही नाई, काका."

"मंग जरा दम घेऊ का?"

ती गप्प राहिली असती, तर तो उठला असता. दहा पावलांवर थांबत पुढं गेला असता. पुढं घरं होती, घरांना ओटे होते, ओट्यांवर माणसं होती, आणि चौथ्या गल्लीत बाबाराव.

"घ्या," ममता म्हणाली. "माह्याजवळ घ्या."

काही झालं नाही असं तिला आधी वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, की शेजारची शीळ थांबली आहे.

म्हातारा उठून उभा राहिला. गुडघ्यांवर हात न टेकता. त्यानं छाती भरून हवा घेतली, तीस वर्षांत घेतली नसेल एवढी, आणि तिच्याकडं पाहून हात जोडले.

"येतो, बाई."

ओठांवर आलेला शब्द ममतानं दात आवळून धरला. कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला, दाराशी आलेल्या परक्याला, वैऱ्यालाही आपण म्हणत नाही ते ती म्हणाली.

"जा, काका. जा आता."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दुखावल्यासारखं दिसलं. मग तो वळला आणि आल्या रस्त्यानं चालू लागला. एकदाही थांबला नाही. पुढचा ट्रक गेला, धूळ बसली, रस्ता मोकळा होता.

ममताला हलकं वाटलं. झालं. बाबा वाचले. उद्या हिवरधऱ्याला जाऊन चंदाबाईला खरं सांगायचं, असं तिनं मनाशी धरलं, आणि उठायला गेली.

तिला दोनदा हवा ओढावी लागली.

रिक्षा दिसेना. ती चालत निघाली. विजेच्या पहिल्या खांबाला हात टेकून थांबली. दुसऱ्या खांबाला थांबली. छातीवर कोणी पोतं ठेवलं होतं. चार गल्ल्यांचं अंतर कापायला तिला पाऊण तास लागला. डोक्यात एकच विचार होता, घरी जायचं आणि आडवं व्हायचं.

गल्लीच्या तोंडाशी ती भिंतीला टेकली. पलीकडं, वीस पावलांवर, ओट्यावर बाबाराव बसले होते. चेहरा टवटवीत होता. त्यांनी लेकीला पाहिलं, तिची धाप पाहिली, आणि काळजीनं अर्धवट उठले.

तेव्हा ममताला इंदूबाईची सून आठवली. दोन दिवस उशाशी बसून दम घ्या, हळू दम घ्या म्हणणारी.

अनोळखी म्हाताऱ्याला म्हणू नका, एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं हात वर केला, नको, नको म्हणून हलवला. बाबारावांना वाटलं, लेक हाक मारते आहे. त्यांनीही हात केला.

मग त्यांनी बाजूला सरकून ओट्यावर तिच्यासाठी जागा केली, धोतराच्या सोग्यानं ती जागा पुसली, आणि दमून घरी आलेल्या लेकीला बाप जे म्हणतो ते म्हणायला सुरुवात केली.